65,536 ग्रॅम सोयाबीन

सोयाबीनच्या हंगामात लातूर जिल्ह्यातल्या एका खरेदी केंद्रावरून तक्रार आली. पावतीवर ओलावा शून्य, प्रत्येक कट्ट्याला शून्य. हमीभावाची खरेदी 12 टक्के ओलाव्यावर अडते, तिथं शून्य छापलेली पावती कोण घेणार? आमच्या काट्यांच्या कंपनीतल्या सर्व्हिसवाल्यांनी सवयीप्रमाणे आधी वायर बदलली, मग ओलावामापकच बदलला. काट्याच्या डब्यात प्रोग्रॅमही असतो, हे त्यांच्या गावीच नसतं. शेवटी संभाजीनगरहून मला धाडलं.

मापकाच्या पडद्यावर 11, पावतीवर 0. मी वायरीच तपासत होतो, तेवढ्यात एका शेतकऱ्यानं घाईत दोन कट्टे एकदम काट्यावर ठेवले. पावती घेऊन तो सरळ माझ्याकडे आला.

"सायेब, काट्यावर एकशे अठरा किलो दिसलं अन् पावतीवर बावन्न. बाकीचं सोयाबीन कुठं गेलं?"

काट्यावर 118.450, पावतीवर 52.914. ओलावा मात्र या खेपेला 1! मोबाइलवर वजाबाकी केली: 65.536. ग्रॅममध्ये 65,536, म्हणजे दोनाचा सोळावा घात. वायर तिथंच टाकली आणि लॅपटॉप उघडला.

काटा संगणकाला वजन आणि ओलावा एका ओळीत पाठवतो, वजन ग्रॅममध्ये. ती ओळ जुळवणारं फंक्शन सी भाषेतल्या, मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफच्या जातीचं. घोषणेत शेवटी तीन टिंबं, मग हवी तितकी आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला पुरवायच्या किमती, द्या. पण किती आली, कुठल्या प्रकारची आली, हे आत त्या फंक्शनला कुणीच सांगत नाही. पायथनमध्ये टपल हाती येतो, जावात अ‍ॅरे येतो; दोन्ही किमतींच्या याद्याच, लांबी विचारता येते. सीमध्ये पुढचं आर्ग्युमेंट उचलणाऱ्या व्हीए-आर्गला म्हणायचं, "इथून इंट (पूर्णांक) उचल." ते तेवढे बाइट उचलतं आणि पुढं सरकतं. कुठली किंमत कशी छापायची हे लिहिलेली फॉरमॅटची ओळ सांगेल तेच खरं.

वजन होतं लाँग, म्हणजे मोठा पूर्णांक, चार बाइटचं. फॉरमॅटमध्ये होतं टक्का-यू (%u), आणि काट्यातल्या आमच्या आठ बिटी एव्हीआर चिपवर त्याचा अर्थ दोन बाइट; त्यात 65,535 पर्यंतचाच आकडा मावतो. आर्ग्युमेंट ओळीनं ठेवलेल्या स्टॅकवरून वजनाचे खालचे दोन उचलले, ते वजन म्हणून छापले. ओलाव्यासाठी पुढचे दोन उचलले, ते वजनाचेच वरचे दोन! खरा ओलावा त्यांच्याही पुढं तसाच पडून. एक कट्टा 65,536 ग्रॅमच्या आत, म्हणून वरचे बाइट शून्य; दोन कट्ट्यांना 1.

लॅपटॉपवरच्या चाचणीत हे सापडणार नव्हतंच. तिथं इंट चार बाइटचा, म्हणून वजन पुरं मावतं, आणि प्रत्येक आर्ग्युमेंटला आठ बाइटची जागा, म्हणून ओलावाही जागेवर सापडतो. प्रोग्रॅम चिपच्या भाषेत आणणारा कंपायलर प्रिंटएफमधली असली चूक दाखवतो, पण आमच्याकडच्या जुन्या इंजिनिअरनं हौसेनं त्यावर स्वतःचं फंक्शन चढवलेलं. त्याला फॉरमॅटचं अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे कंपायलरसाठीची खूण, नसेल तर कंपायलरच्या लेखी ती नुसती अक्षरं. अ‍ॅट्रिब्यूट लावलं आणि इशाऱ्यांची रांग लागली. दुरुस्ती काय, तर एक एल घालायचा: टक्का-एल-यू.

ओलावा मागच्याच अपडेटमध्ये आला होता. त्याआधी ओळीत वजन शेवटी असायचं, त्याच्या मागं बिघडायला काही नव्हतंच. पण दोन कट्टे एकदम चढवले की साडेपासष्ट किलो तेव्हाही कापले जात असणार. आमच्या कंपनीच्या मालकांना म्हटलं, सगळ्या केंद्रांच्या जुन्या नोंदी काढू.

"वजनाची तक्रार कुणी केलीय का?" ते म्हणाले. "मग?"

नवं फर्मवेअर, म्हणजे काट्यातला प्रोग्रॅम, सगळीकडं गेलं. सोबतच्या पत्रात कारण लिहिलंय: ओलावा छपाई दुरुस्ती.