तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिनिअर झाल्यावर पीएचडी कशाला?

नातेवाईक विचारतात, विद्यार्थ्यांचे आईवडील तर हमखास विचारतात. ‘केमिकल इंजिनिअरला नोकरी लागते, मग एम.टेक., पीएचडी कशाला? आणि रसायनांवरच संशोधन करायचं तर एम.एस्सी. का नाही?’

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. रसायनशास्त्रज्ञ एक लिटरच्या चंबूत अभिक्रिया बसवतो. ती हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये न्यायची म्हणजे भांडं सगळ्या बाजूंनी दहापट वाढवायचं. आतला माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर पडायला भिंत मिळते शंभरपटच. चंबूत बर्फाच्या पाण्यावर निमूट चालणारी अभिक्रिया मोठ्या भांड्यात भडकू शकते. आमचं काम इथून सुरू होतं.

आता पहिला. माझं संशोधन बबल कॉलमवर झालं, माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत. जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात; १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली. बबल कॉलम म्हणजे उभा नळा, त्यात द्रव, तळाशी भोकांची चकती आणि खालून वायू. नुसत्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि भराभर वर निघून जातात. त्यात थोडं ब्युटेनॉल, म्हणजे एक अल्कोहोल, घाला. बुडबुडे बारीकच राहतात, रेंगाळतात, पाणी दुधाळ दिसायला लागतं, पातळी चढते. हवा मात्र तेवढीच सोडलेली! कारखान्यातला द्रव कधीच शुद्ध नसतो, त्यामुळे शुद्ध पाण्यावर मांडलेलं गणित तिथे जसंच्या तसं चालत नाही. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी या विषयाला चिकटले ती चिकटलेच.

वायू द्रवात शिरतो तो बुडबुड्यांच्या पृष्ठभागातूनच. मग या असंख्य बुडबुड्यांचा एकूण पृष्ठभाग मोजायचा कसा? एकेक बुडबुडा मोजून भागत नाही. मग वेग आधीच ठाऊक असलेली अभिक्रिया आत घडवायची, उदाहरणार्थ कार्बन डायऑक्साइड क्षारीय द्रावणात शोषून घ्यायचा, आणि किती वायू खपला त्यावरून पृष्ठभाग काढायचा. मला ही युक्ती अतिशय सुंदर वाटते. केंब्रिजला केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक डँकवर्ट्स यांच्याकडे पीएचडी केलेले प्रा. मनमोहन शर्मा यांनी यावर मोलाचं काम केलं, माटुंग्याला परतून विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

प्लांटवर उत्पादन थांबवून असले प्रश्न विचारता येत नाहीत. तिथे आजची बॅच आज निघायला हवी, आणि ते कामही कमी कसबाचं नाही. पण एकाच प्रश्नाच्या मागे चार-पाच वर्षं लागायची मुभा फक्त पीएचडीत मिळते. पीएचडी करायची ती एवढ्याचसाठी.

नोकरी मिळत नाही म्हणून मात्र येऊ नका. फेलोशिपवर एकट्याचं भागतं, घर चालवायचं असेल तर ओढाताण होते. आणि प्रवेश घेण्याआधी ज्यांच्याकडे काम करायचं त्या गाइडच्या प्रयोगशाळेत एक दिवस बसा. सरांशी बोलाच, पण त्यांच्याकडे तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींशी कॅन्टीनमध्ये जास्त वेळ बोला.