गिधाडाचं पिल्लू लळा न लावता जगवताना

पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचं पिल्लू घरट्यातून खाली पडलेलं गावकऱ्यांना सापडलं आणि त्यांनी लगेच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. हे फार मोलाचं काम झालं. गिधाड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं; कितीही मायेने असलं तरी ते घरी पाळता येत नाही. पिल्लू उपचार केंद्रात आलं तेव्हा मी तिथे स्वयंसेवक होते.

त्याला धरलं तेव्हा छातीच्या हाडाची कड थेट तळहाताला टोचली. दोन्ही बाजूंचं मांस पार झडलेलं. अशा वेळी पहिल्यांदा खायला घालावंसं वाटतं. डॉक्टरांनी आधीच बजावलं, "मांस अजिबात देऊ नका, आधी अंगात पाणी जाऊ दे." उपासमार झालेल्या पक्ष्याच्या पोटात एकदम मांस गेलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी कातडीखाली सलाईन, मग अगदी थोडं थोडं खाणं. डोक्यावर सुती कापड टाकलं की ते शांत व्हायचं. मानेवर मात्र जराही दाब द्यायचा नाही, कारण घाबरलं की गिधाड ओकतं आणि ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

खरी काळजी होती मांसाची. डायक्लोफेनॅक हे दुखणं आणि सूज कमी करणारं औषध टोचलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडाने खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचे पांढरे थर बसतात. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झालं. तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळपास संपली होती: १९९२ ते २००७ या काळात त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे ही तूट लवकर भरून निघणं शक्यच नाही. म्हणूनच कुठल्या जनावराला कोणतं औषध दिलं होतं याची खात्री झाल्याशिवाय आम्ही मांसाचा एक तुकडाही आत नेत नव्हतो.

पिल्लू सावरलं आणि मला सगळ्यात अवघड वाटणारा भाग सुरू झाला. पडद्याआडून खाणं सरकवायचं, बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही. ते चोच उघडून माझ्या दिशेने मान ताणायचं तेव्हा जीव तुटायचा. पण माणसाला आई समजलेलं गिधाड रानात टिकत नाही. मोठ्या पिंजऱ्यात गेल्यावर ते उंच बैठकीवर चढून पंख फडफडवू लागलं. पंखांत बळ आल्यावर डॉक्टरांनी तपासून होकार दिला आणि वनविभागाने त्याला गिधाडांच्या वस्तीजवळ सोडलं.

आता मी गोठ्यांवर जाते. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, तरी माणसांसाठीचं इंजेक्शन गुरांना टोचलं जाऊ नये म्हणून २०१५ मध्ये त्याची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. २०२३ मध्ये त्याच प्रकारचं केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झालं. परवा एका काकांनी विचारलं, "मग गाय तापली तर द्यायचं काय, ताई?" मेलॉक्सिकॅम. ते गिधाडांना सुरक्षित आहे आणि गाईलाही चालतं. काकांनी नाव वहीत लिहून घेतलं, शेजारच्या गोठ्यात आवाज दिला आणि मला तिकडे घेऊन गेले.