रोल सुटतो सुरीखाली, बिघडतो भातात

सुरी फिरली आणि सुशीचा रोल उलगडला. भात एकीकडे, काकडी दुसरीकडे.

दोष गुंडाळणाऱ्या हाताला दिला जातो. खरं तर बिघाड बहुतेक वेळा भातातच झालेला असतो. ‘सुशी’ या शब्दाचं मूळ आंबटपणात आहे, माशात नाही. म्हणून आधी भात नीट हवा.

आखूड दाण्याचा जपानी तांदूळ 300 ग्रॅम, पाणी निवळेपर्यंत धुवून अर्धा तास भिजवलेला. बासमती नको, मोकळं होणं हाच त्याचा गुण. आंबेमोहर थोडा चिकटतो, पण दाणा चटकन मोडतो. भात गरम असतानाच 60 मिली तांदळाचं व्हिनेगर, 2 मोठे चमचे साखर आणि 1 छोटा चमचा मीठ यांचं मिश्रण घालायचं. उलथनं तिरकं धरून कापल्यासारखं हलवायचं. ढवळलं की चिकट गोळा होतो.

आणि मग थांबायचं! भात अंगाइतका कोमट होऊ द्यायचा. वाफाळता भात पसरला तर नोरी, म्हणजे रोल गुंडाळायचा समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ पापुद्रा, ओली होऊन आक्रसते, चामट लागते. फ्रिजमधला भात कडक होतो, दाणे एकमेकांना धरत नाहीत.

नोरीची चकचकीत बाजू खाली. भाताचा थर पातळच, पलीकडची दीड सेंटिमीटर कड मोकळी. गुंडाळल्यावर रोल सांध्यावर दोन मिनिटं ठेवायचा, म्हणजे भाताच्या ओलाव्यानं नोरी चिकटते.

कापताना सुरी पुढेमागे ओढायची, दाबायची नाही.

तुम्ही प्रत्येक कापानंतर सुरी ओल्या फडक्यानं पुसता का?