तुम्ही विचारलेत म्हणून: अडतीस की पंचेचाळीस?

दोन-चार हंगाम लहान शिडाच्या बोटीवर काढून आता स्वतःची कॅटामरान (दोन हलांची, म्हणजे दोन समांतर सांगाड्यांची बोट) घेण्याचा आणि कोकण किनारा सावकाश फिरण्याचा बेत करणारी जोडपी मला हमखास विचारतात, ‘लगून ३८० घ्यावी की ४५०?’ लगून या फ्रेंच कंपनीच्या, साधारण अडतीस आणि पंचेचाळीस फुटी, या दोन्ही बोटी आता जुन्या बाजारातच मिळतात. आम्ही ३८० घेतली असे सांगितले की पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: ‘मोठी परवडत होती, तर का नाही घेतलीत?’

कागदावर फरक किरकोळ दिसतो. ३८० ची लांबी ११.५५ मीटर आहे आणि ४५० ची १३.९६, म्हणजे जेमतेम अडीच मीटर जास्त. परंतु बोट लांबीबरोबर रुंदीत आणि उंचीतही वाढते, आणि त्यामुळे सात-साडेसात टनांची रिकामी बोट एकदम पंधरा टनांच्या घरात जाते. शीड ताणणारे दोर, विंच, नांगर, साखळी, दोन्ही इंजिने हे सारे त्या वजनाच्या हिशेबाने घ्यावे लागते. किमतीची चौकशी करणारे लोक लांबीकडे पाहतात, पण खर्च वजनाच्या मागोमाग चालतो.

तरीही आमचा निर्णय खर्चावरून झाला नाही. एका ओळखीच्या गृहस्थांच्या ४५० वर आम्ही नवरा-बायको आणि त्यांचा एक खलाशी असे मार्चमधल्या एका दुपारी मांडव्याच्या बाजूने परत येत होतो. ऐन वेळी खलाशी आजारी होऊन खाली झोपला आणि गेटवेसमोरचा मुरिंगचा (बोट बांधून ठेवण्यासाठी तळाशी कायम रोवलेल्या दोराचा) तरंगता बोया पकडण्याचे काम आम्हा दोघांवर आले. उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची मोठी) ओहोटी होती, म्हणजे दोन-तीन नॉटचा, ताशी चार ते साडेपाच किलोमीटरचा, प्रवाह बंदराबाहेर ओढत होता, आणि दुपारचा वायव्येचा वारा बोटीच्या उंच अंगावर आडवा भरत होता. सुकाणू वरच्या मजल्यावर असल्यामुळे बोया नाकाखाली आला की मला दिसेनासा होई, आणि हिने पोटावर पडून दोर ओढायची लांब काठीची आकडी पुढे केली तरी ती पाण्यापर्यंत पोचत नव्हती. तिसऱ्या खेपेस आकडी दोरात अडकली, पंधरा टनांनी एक हिसका दिला, आणि हिने शहाणपणाने हात सोडला. आकडी बंदराबाहेरच्या दिशेने निघून गेली. चौथ्या खेपेस शेजारच्या मचव्यावरच्या तांडेलाने दोर हातात दिला, म्हणून सुटलो. आमच्या ३८० वर हेच काम ही उभ्याने वाकून करते, आणि जमले नाही तर दोर पुन्हा हाताने ओढून घेता येतो.

मुंबईत सरळ धक्क्याला बोट लावून चालत उतरावे अशी सोय सामान्य मालकाला नाही. मुरिंगवर बोट ठेवायची आणि डिंगीने (छोट्या होडीने) ये-जा करायची, हाच रिवाज. त्यात पावसाळ्याआधी बोट पाण्याबाहेर काढणे आले. चौकशी करताना लांबीपेक्षा रुंदी आधी सांगावी, कारण उचलणाऱ्या यंत्राच्या दोन पायांमधले अंतर ठरलेले असते. ३८० ची रुंदी साडेसहा मीटर म्हटल्यावर आमच्या यार्डवाल्याने डोके खाजवले होते. ४५० चा पावणेआठच्या पुढचा आकडा ऐकून त्याने चहा मागवला आणि विषय बदलला. तळ घासण्यापुरते मात्र दोन्ही बोटींचे भाग्य सारखेच आहे: मुंबईच्या भरती-ओहोटीत उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, तेव्हा खाडीतल्या टणक तळाच्या जागी भरतीला बोट नेऊन ओहोटीला हलांखालच्या आखूड कण्यांवर बसवता येते आणि पुढची भरती येईपर्यंत तळाचे शेवाळ-शिंपले खरवडता येतात.

आता मोठ्या बोटीची बाजू, कारण ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. लहान कॅटामरान ओझ्याने फार लवकर हिरमुसते. मालवणला निघताना आम्ही जादा पाणी, डिझेलचे कॅन, दोन सायकली आणि पाहुण्यांचे सामान चढवले, तर मागच्या पायऱ्यांची खालची पायरी पाण्याखाली गेली आणि एरवी सहा नॉट देणारी बोट पाचच्या आत रेंगाळू लागली. तेवढे ओझे ४५० ला जाणवलेही नसते. शिवाय परतीची वाट उत्तरेची, म्हणजे वायव्येच्या वाऱ्याच्या तोंडात. दोन हलांना जोडणाऱ्या मजल्याचे पोट पाण्यापासून जितके खाली, तितक्या आखूड लाटा त्यावर जास्त आदळतात, आणि जयगड ओलांडेपर्यंत तो ठोका डोक्यात बसतो. आमचा उपाय जुन्या तांडेलांचाच आहे: मध्यरात्रीनंतर मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा सुटला की नांगर उचलायचा, किनारा धरून अंतर कापायचे आणि दुपारचा वारा चढायच्या आत खाडीत शिरायचे. मात्र त्या वेळी किनाऱ्यालगत जाळ्यांचे बोये असतात, त्यामुळे दोघांपैकी एकाने बॅटरी घेऊन पुढे बसावेच लागते.

तेव्हा, लक्षद्वीप किंवा मालदीवपर्यंत जायचे असेल, महिनोन्‌महिने बोटीवरच राहायचे असेल आणि पगारी खलाशी कायमचा ठेवणार असाल, तर मोठी घ्या; मी अडवणार नाही. पाहुण्यांसाठी चौथी खोली हवी, एवढ्याच कारणासाठी घेणार असाल, तर पाहुणे वर्षातून किती रात्री बोटीवर झोपतात ते मोजा. आमच्याकडे गेल्या हंगामात सहा रात्री झोपले, त्यांतल्या दोन जणांनी उलट्या केल्या आणि मांडव्यालाच उतरले.

बयाणा देण्याआधी उधाणाच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, ओहोटी चालू असताना, फक्त तुम्ही दोघांनी ती बोट गेटवेसमोर आणून तीन वेळा बोया पकडून पाहा. आमचे मुरिंग त्यासाठी वापरायला हरकत नाही. आकडी मात्र तुमची आणा.