तुम्ही विचारलंत म्हणून: मनातलं ओवीत कसं येतं?

बरेच जण विचारतात, तुम्ही ओव्या लिहिता, तर मनातलं असं शब्दांत कसं काय आणता, आम्हाला तर वही समोर घेतली की काहीच सुचत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, वही समोर घेऊन मलाही कधी सुचलेलं नाही.

मी हे आजीकडून उचललं. आजी दिवसभर मोजकंच बोलायची, पण पहाटे जात्यावर बसली की एक पाय लांब, एक दुमडलेला, उजव्या हातात खुंटा, डाव्या हाताने जात्याच्या तोंडात ज्वारीचा घास आणि त्या घरघरीत माहेर, भाऊ, विठोबा, पाळण्यातच गेलेलं लेकरू, सगळं सगळं यायचं. समोर काकू असली की आजी ओळ म्हणायची, काकू ती उचलायची. जे सासूसमोर बोलायची सोय नव्हती ते ओवीत चालायचं, ते जात्याला सांगितलेलं असायचं, त्याचा जाब कोण विचारणार!

आणि हे काही आमच्याच घरातलं नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर त्या बायकांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. जरूर ऐका.

पिठाची गिरणी आली तसं आमचं जातं कोपऱ्यात गेलं. बरंच झालं, आजीचे खांदे भरून यायचे. पण तिची रोजची बोलायची जागाही गेली, ते मला अजून लागतं.

मला स्वतःला हे कळलं वडील गेले तेव्हा. पंधरा दिवस ना रडू ना शब्द, लोक येऊन बसायचे, मी पाणी द्यायचे. मग एका सकाळी कणीक मळता मळता हात लयीत आला आणि आजीच्या चालीत ओळ तोंडातून निघूनच गेली,

कसं लावू कडी बाई, बाप गेला त्या दारानं

तशाच पिठाच्या हाताने मोबाईलवर रेकॉर्ड केली. दुसरी ओळ काही येईना, मुद्दाम जुळवली तर खोटी वाटायची, म्हणून नाद सोडला. चार दिवसांनी चहा गाळायला घेतला आणि बघते तर ओट्यावर दोन कप.

कप मांडते मी दोन, हाताच्या गं सवयीनं

तिथेच उभ्या उभ्या दोन्ही ओळी म्हटल्या, आणि मग रडू आलं.