लागलं का पाण्याला?

कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध बिक्सबी पुलाचा म्हणून फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, मेव्हण्यांचा अंगठा आला, कुणीतरी ‘वा, बिक्सबी!’ असं लिहिलंसुद्धा, आणि मग मुलगा म्हणाला, "बाबा, हा तो नाही."

म्हणजे पंधरा मिनिटं आम्ही ज्याच्यापुढं आळीपाळीनं उभे राहिलो तो रॉकी क्रीकचा पूल. तोही काँक्रीटच्या कमानीचा, तोही 1932 चाच, फक्त त्याला कुणी विचारत नाही. कार्मेलहून हायवे 1 नं दक्षिणेला निघालं की आधी हा लागतो, आणि आमच्यासारखे उतावळे इथंच उतरतात. खरा बिक्सबी तिथून जेमतेम अर्ध्या मैलावर. ही म्हणाली, "राहू दे, कुणाला कळतंय!"

बिक्सबीला पोचलो तर लग्नाच्या हॉलबाहेर असाव्यात तशा गाड्या. अडीचशे फुटांवर खोल दरी, तळाशी समुद्राकडं निघालेला ओढा, आणि वरून 320 फुटांची एकच कमान. सगळे पुलाकडं बघत होते, ओढ्याकडं कुणीच नाही. मला कमान दिसली की तिच्याखालचं सेंटरिंग दिसायला लागतं. ही माझी जुनी खोड. इथं तर दरीच्या तळापासून लाकडी सांगाडा उभा केला होता आणि त्यावर सिमेंटची 45,000 पोती चढवली होती. खाली लाटा आपटत असताना! पोलादाचा केला असता तर खारा वारा त्याला सुखानं जगू देता ना, म्हणून काँक्रीट. हे सगळं मी हिला सांगितलं. ती सेल्फीत होती.

मी सांगलीचा. पुलाची उंची म्हटली की आमच्या डोक्यात पाणीच येतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. तो 1929 चा, म्हणजे बिक्सबीहून तीन वर्षांनी थोरला. पण त्याला बघायला म्हणून आमच्या घरातून कधी कुणी गेलं नाही. पाणी बघायला मात्र अख्खा वाडा जायचा.

इस्लामपूरची एसटी आयर्विनवर चढली की आजी कनवटीची पुरचुंडी सोडायची. खिडकी माझी, म्हणून नाणं टाकायचं कामही माझं. "कठड्याला लागू देऊ नको रे." मग ती डोळे मिटून हात जोडायची आणि तशीच विचारायची, "लागलं का पाण्याला?" मी म्हणायचो, लागलं. धावत्या एसटीतून काय दिसणार कपाळ!

एकदा मी हात बाहेर काढला, मूठ हलवली आणि तशीच आत घेतली. ॲल्युमिनियमचे दहा पैसे, कातरलेल्या काठाचे, तळहाताला टोचत होते.

"लागलं का पाण्याला?"

"लागलं."

इस्लामपूरच्या स्टँडवर त्याच्या लिमलेटच्या गोळ्या घेतल्या आणि तिच्या शेजारी बसूनच चघळल्या. तिनं एक मागितली. मी दिली.

बिक्सबी ओलांडताना खिशात पंचवीस सेंटचं नाणं हाताला लागलं. काच खाली केली. वारा असा आत आला की हिची ओढणी मुलाच्या तोंडावर. रस्ता 24 फुटांचा, पुढं गाडी, मागं गाडी.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही, हवा."

काच वर घेतली. कृष्णेचं देणं थकलेलं असताना या परक्या ओढ्याला पंचवीस सेंट कुठल्या तोंडानं द्यायचे?

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, फोटो बघितला. हाच ना तो प्रसिद्ध पूल?"

"हाच," म्हणालो.