बाबांच्या गोदामात पंधरा मिनिटं

रविवारी बाबांना घेऊन मुंबईत काळाचौकीला गेलेलो, त्यांच्या जुन्या कापड मिलमध्ये. गेटवर आता फक्त वॉचमन, बाबा त्याला म्हणाले मी इथे कापूस गोदामात होतो, तर बिचाऱ्याने पंधरा मिनिटांसाठी आत सोडलं.

आत शिरलो आणि पहिला आला तो ओलीचा वास. साचाखात्याचं, म्हणजे जिथे साच्यांवर (मागांवर) कापड विणायचे तिथलं, छप्पर करवतीच्या दातांसारखं, उत्तरेकडे काचा, म्हणजे ऊन न लागता दिवसभर उजेड. गोदामाला तसलं काहीच नाही. जाड भिंती, खिडक्या लहान आणि पार वर, दार लोखंडी, आणि बाकी खात्यांपासून लांब बांधलेलं, कारण कापसाला एक ठिणगी पुरते.

बाबा मोबाईलचा टॉर्च लावून थेट डाव्या भिंतीशी गेले. खांद्याएवढ्या उंचीपर्यंत ती भिंत गुळगुळीत झालीय, हात फिरवला तर चुना लागत नाही, एवढ्या कापसाच्या गाठी तिला घासून गेल्यात. दाबून बांधलेली पक्की गाठ 170 किलोची, दोघं जण हूक मारून गडगडवत आणायचे. आणि त्याच्या वर गेरूच्या रेघा, चार उभ्या एक आडवी, चार उभ्या एक आडवी, पार कोपऱ्यापर्यंत. मला वाटलं कारकुनाचा हिशेब असेल.

"कारकुनाचा कसला, आमचा. तो गाठी कमी लिहायचा ना, म्हणून आम्ही आपल्या रेघा मारायचो."

मी चाळीस वर्षं या माणसाच्या घरात राहतोय आणि हे मला पहिल्यांदा कळतंय.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बाबा त्यातलेच, दोन महिन्यांत परत येऊ असं वाटलेलं म्हणून हूकसुद्धा खिळ्याला टांगून आले. नंतर त्यांना कामावर घेतलंच नाही. खिळा आहे अजून, हूक नाही.

जवळच इंडिया युनायटेड मिल 2-3 च्या जागेत टेक्सटाईल म्युझियमचं काम आहे, चांगलंच आहे, तिथे साचे ठेवा, धोटे ठेवा, पण अशी एक भिंतही जपा हो. मशीन कुठूनही आणता येईल, ह्या रेघा दुसरीकडे कुठे मिळणार?

वॉचमनने हाक मारली. मी बाबांना म्हटलं भिंतीजवळ उभे राहा, फोटो काढतो.

"माझा नको," म्हणाले, आणि टॉर्च रेघांवर धरला, "ह्यांचा काढ."